एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालवायची चारचाकी मोटरबाईक) उलटून पडलेल्या मुलाचा एक्सरे नॉर्मल आहे, पण पाठ अजून दुखते. पुन्हा दाखवायला हवं का?

हो, दाखवा. आणि उद्यावर ढकलू नका.

तुम्ही लिहिलंय की मुलगा १० वर्षांचा आहे, तीन दिवसांपूर्वी गाडी उलटली, डोक्यावर हेल्मेट होतं, एक्सरे स्वच्छ आला, म्हणून घरचे म्हणतायत की मुका मार आहे, जाईल. तसं असेलही. पण मी फिजिओथेरपिस्ट आहे, मणक्याला मार लागलेली मुलं माझ्याकडे येतात, आणि "एक्सरे नॉर्मल होता हो" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

एक्सरेत हाड दिसतं, मज्जारज्जू, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणारा नसांचा दोर, दिसत नाही. मुलांच्या मणक्यात कूर्चा (मऊ हाड) बरीच असते, अस्थिबंध (हाडं जोडणारे पट्टे) सैल असतात. त्यामुळे झटक्यात पाठीचा कणा ताणला जातो आणि पुन्हा जागेवर येतो. आतल्या मज्जारज्जूला तेवढा ताण सोसत नाही. हाड शाबूत, रज्जूला इजा. पँग आणि विल्बर्गर या डॉक्टरांनी १९८२ मध्ये याला 'स्किवोरा' (एक्सरेत न दिसणारी मज्जारज्जूची इजा, याचं इंग्रजी लघुरूप) असं नाव दिलं. हे ८ वर्षांखालच्या मुलांत, त्यातही मानेत जास्त दिसतं, पण १० वर्षांचा मुलगा त्यातून सुटला असं नाही. लक्षणं कधी काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही उमटतात. एमआरआयमध्ये यातलं बरंच कळतं.

दुसरी शक्यता जास्त साधी. गाडीवरून उडून कुल्ल्यांवर आपटलं की छाती-कमरेच्या सांध्यावरचा मणका पुढून दबतो. थोडासाच दबला असेल तर एक्सरेत सहज निसटतो, आणि एक दबलेला सापडला तर शेजारचाही तपासावा लागतो.

त्याला "दुखतंय का?" विचारू नका. परत गाडी मिळणार नाही या भीतीने मुलं बिनदिक्कत "नाही" म्हणतात. बघा. जमिनीवरची चप्पल उचलताना वाकतो, की पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसतो? बसल्यावर दोन्ही हात मागे टेकून पाठीचा भार हातांवर घेतो का?

हातापायांत मुंग्या, बधिरपणा, अंगातून करंट गेल्यासारखं वाटणं, पाय लटपटणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यातलं काहीही असेल तर त्याला चालवत नेऊ नका. सपाट झोपवून ठेवा आणि अँब्युलन्स बोलवा.

बरा झाल्यावर पुन्हा चालवू द्यावी का, हेही विचारलंत. माझं मत, नको. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना १६ वर्षांखाली नकोच म्हणते. ही गाडी हँडलइतकीच अंगाच्या वजनाने वळवायची असते. मोठ्या एटीव्हीचं वजन ३०० किलोच्या आसपास, त्यावर तीस किलोचं पोर कितीही झुकलं तरी गाडीला पत्ता लागत नाही. मागे बसवणं तर त्याहून वाईट: बहुतेक एटीव्हींची ती लांब सीट दोघांसाठी नसते, चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकायला असते. हेल्मेट डोकं वाचवतं, ते घालायलाच हवं, पण कंबरेचं ते काही करू शकत नाही.

डॉक्टरांना नुसतं "पडला" म्हणू नका. गाडी त्याच्या अंगावर आली होती का, आधी काय आपटलं, पडल्यावर स्वतः उठला का, हँडल पोटात घुसलं का, हे आठवून सांगा. जुना एक्सरे सोबत न्या.