वाचकांचे प्रश्न : ब्लॉगवर कोण येतं, काय वाचतं?

प्रश्न : इंदुरी मराठी स्वयंपाकावर माझा वर्डप्रेसचा ब्लॉग आहे, होस्टिंग स्वतःचं घेतलेलं. रोज किती जण येतात, कोणती कृती जास्त वाचली जाते ते कळायला कोणतं प्लगइन टाकू आणि कसं?
— एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : आधी एक ठरवा. ‘कोणता लेख किती वेळा उघडला’ एवढंच हवं असेल तर ‘कोको अ‍ॅनालिटिक्स’ हे छोटं प्लगइन पुरतं. त्याला गूगलचं खातं लागत नाही, आकडे तुमच्याच डेटाबेसमध्ये राहतात आणि वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवरच दिसतात. नव्या ब्लॉगसाठी आम्ही हेच सुचवू. वाचक कुठल्या शहरातले, किती वेळ थांबले, मोबाइलवर किती आणि संगणकावर किती हे सगळं हवं असेल, तर मात्र गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ आणि त्यासाठी गूगलचंच ‘साइट किट’ हे प्लगइन घ्या.

प्लगइन टाकण्याआधी वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’मध्ये जाऊन टाइमझोन ‘कोलकाता’ करून घ्या. मग, साइट किट घ्यायचं ठरलं असेल तर, ‘प्लगइन्स’मध्ये ‘अ‍ॅड प्लगइन’वर (जुन्या वर्डप्रेसमध्ये ‘अ‍ॅड न्यू’) जाऊन ते शोधा, बनवणाऱ्याचं नाव ‘गूगल’ आहे ना ते पाहा, इन्स्टॉल करून अ‍ॅक्टिव्हेट करा. पुढे ‘साइन इन विथ गूगल’ येईल. इथे जीमेल तुमचंच द्या. ब्लॉग बसवून देणाऱ्या भाच्याच्या खात्यावर ‘प्रॉपर्टी’ (अ‍ॅनालिटिक्समधली तुमच्या ब्लॉगची नोंद) उघडली, की मालकी त्याच्याकडे राहते आणि दोन वर्षांनी पासवर्डसाठी फोनाफोनी सुरू होते. मागितलेल्या परवानग्यांच्या चौकटींवर खूण करा. एखादी राहिली तर जोडणी अर्धवट होते आणि पुन्हा पहिल्यापासून साइन इन करावं लागतं.

अ‍ॅनालिटिक्सचं नवं खातं उघडताना देश आणि टाइमझोन भारताचा आहे याची खात्री करा. तो चुकून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला, तर अहवालातला दिवस आपल्या दुपारी साडेबाराला किंवा दीडला सुरू होतो आणि सकाळी टाकलेल्या लेखाचे वाचक आदल्या दिवसात जमा होतात. नंतर दुरुस्ती करता येते, पण ती पुढच्या आकड्यांनाच लागू होते, मागचे तसेच राहतात.

आणखी एक काम पहिल्याच दिवशी उरका. अ‍ॅनालिटिक्सच्या ‘अ‍ॅडमिन’मध्ये ‘डेटा रिटेन्शन’ (तपशील किती काळ जपायचा ते) सुरुवातीला २ महिन्यांवर असतं, ते १४ महिने करा. नेहमीच्या अहवालांना त्याने फरक पडत नाही, पण ‘एक्सप्लोर’मध्ये खोलात जाऊन यंदाच्या गणपतीतल्या मोदकांच्या लेखाची गेल्या वर्षीशी तुलना करायची तर २ महिन्यांत काहीच हाती लागत नाही.

प्रश्न : साइट किट बसवलं, खातं जोडलं. दिवसभर स्वतःच ब्लॉग उघडून पाहतोय, आकडा शून्यच.
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : बहुधा सगळं ठीक चाललंय. वर्डप्रेसमध्ये लॉगिन केलेल्या माणसाला साइट किट मुळात मोजतच नाही आणि तेच बरोबर आहे, नाहीतर लेख दुरुस्त करताना तुमच्याच फेऱ्या वाचक म्हणून धरल्या जातील. मोबाइलवर, लॉगिन न करता, इन्कॉग्निटो खिडकीत ब्लॉग उघडा आणि अ‍ॅनालिटिक्सचा ‘रिअलटाइम’ अहवाल पाहा. त्यात गेल्या ३० मिनिटांतली माणसं दिसतात, तुम्हीही थोड्या वेळात दिसाल. त्या ब्राउझरमध्ये जाहिराती रोखणारं काही असेल तर ते आधी बंद करा, ते अ‍ॅनालिटिक्सलाही अडवतं. बाकीचे अहवाल भरायला २४ ते ४८ तास लागू शकतात.

तरीही शून्य असेल तर कॅशिंग प्लगइनकडे, म्हणजे ब्लॉग लवकर उघडावा म्हणून पानांच्या तयार प्रती साठवणाऱ्या प्लगइनकडे वळा. त्याने साठवलेली पानं साइट किटचा मोजणीचा कोड बसण्याआधीची असतात, म्हणून कॅशे एकदा पूर्ण रिकामा करा. त्याच प्लगइनमध्ये जावास्क्रिप्ट उशिरा चालवण्याची सोय चालू असेल, तर वाचकाने स्क्रोल किंवा स्पर्श करेपर्यंत मोजणी सुरूच होत नाही आणि पान उघडून तसाच गेलेला माणूस सुटतो. गूगलचा कोड त्या सोयीतून वगळा. आणि ब्लॉगवर ‘यूए’ने सुरू होणारा अ‍ॅनालिटिक्सचा जुना क्रमांक असेल, तर तो काढूनच टाका. ती जुनी पद्धत १ जुलै २०२३ पासून नवे आकडे घेत नाही. आताचा क्रमांक ‘जी’ने सुरू होतो.

प्रश्न : एका महिन्यात ‘व्ह्यूज’ (पानं किती वेळा पाहिली ते) एकदम दुप्पट झाले आणि ‘एंगेजमेंट रेट’ शंभरच्या जवळ गेला. हे खरं मानू का?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : मानू नका. बहुधा मोजणीचा कोड दोनदा बसलाय. गूगलच्या हिशेबात जी भेट १० सेकंदांपेक्षा जास्त टिकते किंवा जिच्यात दोन पानं पाहिली जातात, ती ‘एंगेज्ड’ धरतात. कोड दोनदा चालला की एकाच पानाची दोन पानं मोजली जातात आणि लगेच पाठ फिरवणारा वाचकही मन लावून वाचणारा ठरतो. दुप्पट आकडा आणि शंभरी गाठणारा दर एकत्र दिसले की आधी हेच तपासायचं.

संगणकावर ब्लॉगचं पान उघडा, कंट्रोल आणि यू दाबून त्याचा सोर्स (पानामागचा कोड) पाहा आणि त्यात रोमन लिपीत ‘जीटॅग’, मग तिरकी रेघ, मग ‘जेएस’ असं शोधा. एकदाच सापडायला हवं. दोनदा सापडलं तर जुना कोड थीमच्या हेडर फाइलमध्ये किंवा हेडर-फूटरमध्ये कोड टाकणाऱ्या एखाद्या प्लगइनमध्ये दडलेला असतो. गूगल टॅग मॅनेजर वापरत असाल तर तिथेही पाहा, तिथला कोड सोर्समध्ये असा दिसत नाही. साइट किट ठेवा, बाकीचा काढा. थीममध्ये हाताने घातलेला कोड तसाही टिकत नाही. चाइल्ड थीम (आपले बदल मूळ थीमपासून वेगळे ठेवणारी) नसेल तर थीमच्या पुढच्या अपडेटला तो पुसला जातो. बिघडलेल्या महिन्याचे आकडे मात्र सुधारता येत नाहीत, ते तुलनेत धरू नका.

प्रश्न : अहवालात लेखांची नावंच दिसत नाहीत, नुसती टक्क्याची चिन्हं आणि रोमन अक्षरं. कोणता लेख कोणता?
— एक वाचक, तिलकनगर

उत्तर : अहवालात नावाऐवजी लेखाचा पत्ता (यूआरएल) दिसतोय. मराठी शीर्षकावरून वर्डप्रेस जो पत्ता बनवतं, त्यात देवनागरीची प्रत्येक खूण ९ रोमन चिन्हांची होते. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. पत्त्याची मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे जेमतेम २२ खुणा. ‘सराफ्यासारखा भुट्ट्याचा कीस घरी कसा करावा’ या शीर्षकाचा पत्ता ‘भुट्ट्याचा’वरच तुटतो, ‘कीस’ बाहेर. याच दोन शब्दांनी सुरू होणारा दुसरा लेख लिहिला तर त्याला जवळजवळ तोच पत्ता आणि शेवटी २ मिळतो, मग अहवालात दोघांत फरक करणं अवघड जातं.

आत्तापुरता उपाय सोपा आहे. ‘पेजेस अँड स्क्रीन्स’ अहवालात पहिल्या रकान्यावरच्या यादीतून ‘पेज टायटल’ निवडा, मराठी शीर्षकं दिसू लागतील. पुढच्या लेखांना प्रकाशित करण्याआधी रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता द्या. जुन्या लेखांचे पत्ते बदलू नका. वर्डप्रेस वाचकाला नव्या पत्त्यावर नेतं हे खरं, पण पत्त्यानुसार पाहिलेल्या अहवालात त्या लेखाचे दोन तुकडे होतात.

प्रश्न : बहुतेक वाचक ‘डायरेक्ट’ दिसतात आणि शहर इंदूर कमी, भलतंच जास्त. आमचे वाचक तर इथलेच, व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारे.
— एक वाचक, स्नेहलतागंज

उत्तर : शहर आयपी पत्त्यावरून ओळखलं जातं आणि मोबाइल कंपनीचा आयपी दुसऱ्याच शहरातला निघू शकतो. देशाचा आकडा भरवशाचा, शहराचा अंदाजापुरता. व्हॉट्सअ‍ॅपवरून उघडलेली लिंक कुठून आली ही माहिती सोबत आणत नाही, म्हणून ती ‘डायरेक्ट’मध्ये पडते. ग्रुपवर टाकायच्या लिंकला यूटीएमची शेपटी (वाचक कुठून आला ते अ‍ॅनालिटिक्सला सांगणारे जादा शब्द) जोडा. गूगलच्या ‘कॅम्पेन यूआरएल बिल्डर’ या मोफत पानावर ती तयार होते. सोर्समध्ये व्हॉट्सअ‍ॅप, मीडियममध्ये ‘सोशल’, कॅम्पेनमध्ये ग्रुपचं नाव लिहा. तेवढ्याने महिला मंडळाच्या ग्रुपवरून किती आले आणि कॉलनीच्या ग्रुपवरून किती, ते वेगवेगळं कळतं. सगळं लहान रोमन अक्षरांत लिहा. पहिलं अक्षर मोठं आणि लहान, असं दोन तऱ्हांनी लिहिलेलं एकच नाव गूगल दोन वेगळी नावं धरतं.