बडोद्यात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यास

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

बडोद्यात येऊन महिना झाला आणि खोली, मेस, फॅकल्टी यापलीकडे काहीच पाहिलं नाही, असं तू फोनवर सांगितलंस. लक्ष्मीविलास राजवाडा आई-बाबा येतील तेव्हा त्यांच्याबरोबर बघ. आधी पायी गाठता येतं ते बघून घे.

आर्ट्‌स फॅकल्टीच्या घुमटापासून निघ आणि काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळून कमाटीबागेत शीर. तिथल्या संग्रहालयात सगळे ममीकडे धावतात. तू अकोट्याच्या जैन कांस्यमूर्तींपाशी थांब. जीवंतस्वामींच्या डोक्यावर मुकुट आहे, अंगावर दागिने आहेत. कारण ते संन्यास घेण्याआधीचे महावीर आहेत, राजपुत्र. अकोटा तुझ्या होस्टेलपासून फार लांब नाही.

बागेतल्या संकल्पभूमीवरही जाऊन ये. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले बाबासाहेब 1917 मध्ये इथे नोकरीला आले, तर जातीपायी त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून हुसकावल्यावर ते याच बागेत येऊन बसले होते. या शहराचं कौतुक करताना हेही माहीत असायला हवं.

विश्वामित्री नदीचा पूल ओलांडला की कीर्तिमंदिर, गायकवाड घराण्याचं स्मारक. पुलावरून मगरी दिसतात. त्या वरूनच बघ, काठावर उतरू नकोस, पावसाळ्यात तर नाहीच. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात चार भिंती रंगवल्या : गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा (टागोरांचं नाटक) आणि महाभारताचं युद्ध. चारही एका दमात बघू नकोस. एका खेपेला एकच भिंत, निवांत बसून. तुझ्या वयात डोळ्यांना ही सवय लागली तर जन्मभर पुरते.

तसाच पुढे रावपुऱ्यात तांबेकर वाडा. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा चार मजली लाकडी वाडा आपल्या मराठी माणसांनाही फारसा ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आतल्या भित्तिचित्रांत कृष्णलीला आहे, महाभारत आहे आणि त्यांच्याच शेजारी एकोणिसाव्या शतकात इथे दिसणारे गोरे साहेबही.

थंडी पडली की चांपानेर-पावागड कर. साधारण पन्नास किलोमीटर. 2004 पासून जागतिक वारसा आहे तो. विश्वामित्री तिथूनच उगम पावते. सकाळी लवकर निघ, पाणी बरोबर ठेव.

रविवारी तांबेकर वाडा बघून झाला की फोन कर, कुठलं चित्र आवडलं ते सांग.

तुझी मावशी