‘लावलान तो क्रिकेटवर, खेळतो कबड्डी!’

मुलगा चांगला खेळाडू आहे, संघाशी करार झालेला आहे, आणि तो सट्टा लावतो हे आता घरात कळलंय. संघाला सांगावं तर खेळ संपेल. लपवावं तर आज ना उद्या फुटणारच. आणि मुळात जो स्वतःच्या पैशानं स्वतः बुडाला, त्याला वर शिक्षा कशाला? रत्नागिरीत समुपदेशन करताना हा प्रश्न मला हल्ली वारंवार ऐकू येतो. कधी आई विचारते, कधी नवी लग्न झालेली बायको, कधी मुंबईहून सुट्टीत आलेला थोरला भाऊ. एका घराची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तेव्हा कोणी अंदाज बांधत बसू नये.

खाडीकाठचं गाव. मुलगा कबड्डीतला रेडर, म्हणजे चढाई करणारा. गावच्या मंडळाकडून खेळता खेळता जिल्ह्याच्या संघात गेला, तिथून मुंबईच्या एका कंपनीच्या संघात नोकरीसकट, आणि मग एका व्यावसायिक संघाचा करार. आपल्याकडे कबड्डीच्या जोरावर नोकरी लागणं म्हणजे घराचं नशीब पालटणं. गावच्या होळीला त्याचा सत्कार झाला होता. पुढे घोटा दुखावला आणि पावसाळाभर तो घरी येऊन पडला. सामने नाहीत, सराव नाही, बागेत काम नाही, आणि हातात फोन. आईला वाटायचं पोरगा स्कोअर बघतोय.

वडिलांना गावात सगळे आप्पा म्हणतात. पहिल्या दिवशी तेच बोलले, मुलगा खाली मान घालून बसला होता.

“मॅडम, त्यानं काय मॅच विकलान नाय. लावलान तो क्रिकेटवर, खेळतो कबड्डी. पैसे गेले ते आमचे गेले. संघाचं काय गेलं?”

हा युक्तिवाद वाटतो तितका बाळबोध नाही. जगभरचे नियमही याबाबत एकसारखे नाहीत. इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूला जगातल्या कुठल्याही फुटबॉल सामन्यावर पैसे लावता येत नाहीत, पण घोड्यांच्या शर्यतीवर लावले तर फुटबॉलचा नियम त्याला अडवत नाही. क्रिकेटमध्ये क्रिकेटवर लावायला बंदी आहे, मग सामना कुणाचाही असो. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ब्रायडन कार्स याने २०१७ ते २०१९ या काळात क्रिकेटवर ३०३ वेळा पैसे लावले. त्यातला एकही सामना तो स्वतः खेळलेला नव्हता. तरी २०२४ मध्ये त्याला १६ महिन्यांची बंदी झाली. त्यातले १३ महिने स्थगित ठेवले, म्हणजे प्रत्यक्षात तो तीन महिने बाहेर बसला. मला हे प्रमाण योग्य वाटतं.

तेव्हा ‘दुसऱ्या खेळावर लावलं’ याचं उत्तर माझ्याकडे नसतं, ते करारात असतं. मी आप्पांना करार आणायला सांगितलं. ट्रंकेत जपून ठेवला होता, वाचला मात्र कुणीच नव्हता. आमच्याकडे सातबारा दहादा वाचतील, पण मुलाचा इंग्रजी करार बघायचा तो फक्त रकमेचा आकडा दिसेपर्यंत. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कोणत्याही खेळावर पैजा नकोत आणि संघातली माहिती बाहेर नको.

दुसऱ्या वेळी मी मुलाला एकट्याला बोलावलं. अशा केसमध्ये एक प्रश्न मी आडवळण न घेता विचारते: जीव द्यावासा वाटतो का? जुगाराच्या व्यसनात हा धोका मोठा असतो, आणि विचारल्यानं तो वाढत नाही. तो म्हणाला, “एकदा जेटीवर जाऊन बसलो होतो.” त्या आठवड्यात त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण नुसतं नाव काढलं तरी माणसं खुर्चीतून उठतात, म्हणून आधी एका खाजगी डॉक्टरांकडे. असो.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कंपनीतल्या एका ओळखीच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयडी’, म्हणजे सट्टा लावायचं खातं, मिळवून दिला. सुरुवात पाचशे रुपयांनी. पहिल्या आठवड्यात जिंकला. नंतर सामन्याच्या निकालावरून तो सेशनवर आला, सहा षटकांत किती धावा होतील यावर. लावायचं, खायचं (म्हणजे उलट बाजूची पैज घ्यायची), भाव हलला की पुन्हा लावायचं. रात्री क्रिकेट संपलं की कुठल्या तरी देशातलं टेनिस. खेळाडूंमध्ये मला एक गोष्ट नेहमी दिसते. त्यांना वाटतं, आपल्याला खेळ कळतो म्हणून आपण इतरांसारखे हरणार नाही. शिवाय हरल्यावर जिद्दीनं पुन्हा उभं राहायचं हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. मैदानावर जो गुण, तोच इथे गळ्याला फास. गेलेले पैसे परत आणायचेच म्हणून तो दुप्पट लावत गेला.

पैसे संपले तेव्हा बुकीच्या माणसानं उधारी दिली. हिशेब आठवड्याला. उधारी फुगली तसा फोनवरचा आवाज बदलला. आणि एक दिवस तोच माणूस गोड होऊन म्हणाला, “जाऊ दे रे, पैशाचं नंतर बघू. तुमच्या त्या कोपऱ्यातल्या डिफेंडरचा गुडघा कसा आहे? तो बसणार का पुढचे सामने?”

यानं सांगितलं. त्या बदल्यात उधारी थोडी कमी झाली.

इथे आप्पांचा सगळा युक्तिवाद संपतो. खेळाडूच्या सट्ट्याला बंदी असते ती त्याचे पैसे वाचवण्यासाठी नव्हे. कर्जात अडकलेल्या खेळाडूकडे विकण्यासारखं जे उरतं ते त्याच्या एकट्याचं नसतं. टोरांटो रॅप्टर्स या बास्केटबॉल संघाचा जॉन्टे पोर्टर याला २०२४ मध्ये एनबीए या बास्केटबॉल लीगनं कायमचं बाहेर काढलं. त्यानं स्वतःच्या तब्येतीची आतली माहिती सट्टेबाजांना पुरवली होती आणि पैजेसाठी सामना अर्धवट सोडला होता. तोही आधी जुगारातल्या देण्यात बुडालेला होता. पायरी एकच असते, पुढची दिसत नाही.

आप्पांना हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पण समजा आपलाच संघ जिंकणार म्हणून लावलं, तर त्यात कुणाचं वाईट?” अमेरिकेतला बेसबॉलचा पीट रोज असंच म्हणायचा. आपल्या संघाविरुद्ध कधी लावलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं, तरी १९८९ मध्ये त्याला आजन्म बाहेर ठेवलं. ती बंदी उठली २०२५ मध्ये, तो गेल्यानंतर. मी आप्पांना एवढंच विचारलं, की जो रोज आपल्या संघावर लावतो, तो एखाद्या दिवशी लावत नाही, तेव्हा बुकीला काय कळतं? कबड्डी खेळलेल्या माणसाला याचं उत्तर सांगावं लागत नाही.

तर माझं मत असं: शिक्षा व्हावी. घरच्यांना हे माझ्या तोंडून ऐकायला आवडत नाही. मी बाजूनं बोलावं म्हणून ते आलेले असतात. “तुम्हीच म्हणता हा आजार आहे, मग आजाऱ्याला शिक्षा?” असं मुलाची आई मला म्हणाली. आजार आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचं व्यसन नोंदलेलं आहे. पण उपचार त्या माणसासाठी असतो आणि बंदी ही उरलेल्या सहा खेळाडूंसाठी आणि समोरच्या सातांसाठी असते. ज्याचा गुडघा दुखत होता त्या डिफेंडरचाही एक करार आहे, त्यालाही आईवडील आहेत.

वाद घालायचा तो शिक्षा कशी असावी यावर. इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्ड या फुटबॉल क्लबचा इव्हान टोनी याला २०२३ मध्ये आठ महिन्यांची बंदी झाली. मूळ ११ महिन्यांतले तीन महिने कमी केले, कारण त्याला जुगाराचं व्यसन असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. इथवर ठीक. पण बंदीच्या पहिल्या चार महिन्यांत त्याला संघाबरोबर सरावही करू दिला नाही. हे मला मुळीच पटत नाही. व्यसनातून उठणाऱ्या माणसाचा दिवस रिकामा करायचा आणि फोन त्याच्या हातात ठेवायचा, ही कुठली शिक्षा? आमच्या रेडरचं सगळं बिनसलं ते घोटा दुखावून घरी बसला तेव्हाच. त्याच वर्षी इटलीनं आपला फुटबॉलपटू सान्द्रो तोनालीला १८ महिने दिले, त्यातले दहा महिने सामन्यांपासून दूर आणि बाकीचे आठ उपचारांचे आणि तरुणांसमोर जाऊन बोलण्याचे. न्यूकॅसल या आपल्या इंग्लिश क्लबमध्ये तो सराव करत राहिला. पुढे त्यानं आणखी काही पैजांची कबुली आपण होऊन दिली, तेव्हा इंग्लंडच्या मंडळानं दोन महिन्यांची बंदी स्थगित ठेवली. सामना बंद, सराव चालू, उपचार सक्तीचे आणि कबुलीला किंमत. खेळ विकणाऱ्याचं वेगळं. त्याला मोठी बंदी झाली तर माझी हरकत नाही.

आता पैशाचं. आप्पांनी ठरवूनच ठेवलं होतं की कलमांची बाग तीन वर्षांच्या कराराने व्यापाऱ्याला द्यायची आणि सगळं देणं एकदम फेडून टाकायचं. मी त्यांना थांबवलं आणि वकिलाकडे पाठवलं. देणं दोन प्रकारचं होतं. पतपेढीचं आणि मित्रांचं कर्ज खरं, ते फेडायलाच हवं. पण ते मुलानं त्याच्या पगारातून फेडायचं, बापानं बागेतून नव्हे. बुकीची उधारी मात्र वेगळी. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, असा पैसा कोर्टातून वसूल होत नाही. धमकी आली तर पोलिसांत तक्रार. घरच्यांनी पहिल्याच झटक्यात सगळं भागवलं की बुकीला एवढंच कळतं की या घरात अजून पैसा आहे, आणि महिन्याभरात आयडी पुन्हा चालू होतो. पगाराचं खातं काही काळ आईच्या देखरेखीखाली, यूपीआयची मर्यादा कमी, बुकीचा नंबर बंद, आणि रोज संध्याकाळी खर्चाचा हिशेब. मुलाला लाज वाटली. वाटू दे म्हटलं.

कठीण भाग सांगण्याचा होता. मी संघाला काही कळवणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उपचारातल्या गोष्टी गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला दिलेला हक्क आहे. सांगायचं ते त्यानं. आप्पांचा सल्ला होता ‘चौकशी आली तर बघू’. तेव्हा मी त्यांना शाकिब अल हसनचं सांगितलं. बांगलादेशचा एवढा मोठा क्रिकेटपटू, पण बुकीनं संपर्क केल्याचं त्यानं वेळेत कळवलं नाही, एवढ्यासाठी २०१९ मध्ये त्याला दोन वर्षांची बंदी झाली, त्यातलं एक वर्ष स्थगित. गप्प बसणं हाच तिथे गुन्हा होता. आप्पांना २०१३ च्या आयपीएलमधल्या स्पॉट-फिक्सिंग प्रकरणातले अंकित चव्हाण, श्रीशांत आठवले. “कोर्टानं तर सोडलान त्यांना!” हो, २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं आरोपांतून मुक्त केलं, पण क्रिकेट बोर्डाची आजन्म बंदी त्यामुळे उठली नव्हती. ती सात वर्षांवर आली ती पुढे कैक वर्षांनी. कोर्ट आणि खेळाचं मंडळ यांचे हिशेब वेगळे चालतात.

वकिलाच्या सल्ल्यानं पत्र लिहिलं. दोन पानांचं झालं होतं, मी निम्मं कापायला लावलं, कारण अर्ध्या पत्रात परिस्थितीचं रडगाणं होतं. काय लावलं, कुणाला काय सांगितलं, उपचार कुठे चालू आहेत आणि सरावाची परवानगी मिळावी, एवढंच ठेवलं. संघानं एका हंगामासाठी बाहेर ठेवलं, मानधन थांबवलं आणि सरावालाही नाही म्हटलं. कंपनीनं मात्र नोकरी ठेवली आणि सकाळचा सराव करू दिला. ज्या डिफेंडरबद्दल बोलला होता, त्याला यानं स्वतः फोन केला. तो अजून याच्याशी बोलत नाही. त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

सगळं सरळ झालं असंही नाही. आयपीएल चालू असताना एका लग्नात चुलतभावाचा फोन घेऊन तो सहा हजार हरला. दुसऱ्या दिवशी स्वतः सांगायला आला, हा फरक. अशा घसरणीला घरच्यांनी ‘सगळं मुसळ केरात’ म्हणू नये. कुणाला असाच त्रास होत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आप्पांचा माझ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. मध्यंतरी त्यांनी पेपर पुढे ठेवला. “२०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावणाऱ्याला शिक्षा नाय, चालवणाऱ्याला आणि जाहिरातवाल्याला हाय. मग आमच्या पोरालाच का?” कायदा नागरिकाला लागू, बंदी कराराला, हे मी पुन्हा सांगितलं. पण त्यांचा पुढचा मुद्दा मला खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. टोनीला शिक्षा झाली तेव्हा ब्रेंटफर्डच्या शर्टावर एका सट्टा कंपनीचंच नाव होतं. आपल्या भारतीय संघाच्या छातीवरही दोन वर्षं पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपचं नाव होतं, नवा कायदा आला तेव्हा ते उतरलं. ज्यांनी त्या नावांवर पैसे कमावले त्यांना कुणी हंगामभर घरी बसवलं नाही.

आता त्याच संघाकडून नव्या कराराचा मसुदा आला आहे, मानधन पूर्वीपेक्षा कमी. या वेळी सही करण्याआधी वकील तो मराठीत समजावून सांगणार आहेत. आप्पांनी त्यात एक कलम घालायला सांगितलं आहे: बंदी आली तरी सरावाला बंदी नको. संघ ते मान्य करेल असं मला वाटत नाही, पण मागायला हरकत नाही, असं मी म्हटलं.