नर्सिंगच्या सुट्टीत संशोधन इंटर्नशिप कुठे आणि कशावर करावी?
मन आणि शरीर दोन्हींवर काम करायचं असेल, तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांच्या संस्थेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापकांना जानेवारीतच ईमेल करा. तिथे नाही जमलं, तरी आपल्याच रुग्णालयाच्या मधुमेह ओपीडीत मोठा विषय आहे: पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य तपासायची प्रश्नावली. गेल्या २ आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न, गुण ० ते २७. यातली झोप, थकवा, भूक मधुमेहानेही बिघडते. एक आजी मला म्हणाल्या, "रात्री चारदा लघवीला उठते, झोप कसली?" मग तो गुण उदासीचा की साखरेचा? हेच शोधा. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. त्याला शून्याहून जास्त गुण आले तर फॉर्म बाजूला ठेवा, रुग्णाला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. एथिक्स कमिटीचा अर्ज मात्र सुट्टीआधीच टाका, मंजुरीला वेळ लागतो.