‘गुंतागुंत’ नेमकी कुणाची?

मुलुंडच्या एका प्राध्यापिकाबाई कॉलेजच्या विज्ञान मंडळासाठी मराठीत टिपण लिहितायत. त्यांनी विचारलंय: ‘क्वांटम अस्थानिक खेळांची संगणकीय गुंतागुंत’ हे शीर्षक चालेल का? ‘नॉनलोकल’ला, म्हणजे ‘एका जागेशी न बांधलेला’ या अर्थी, ‘अस्थानिक’ बरोबर आहे का?

बाई, ‘अस्थानिक’पेक्षा मोठा घोळ ‘गुंतागुंत’मध्ये आहे. मराठीत एंटँगलमेंटलाही (दोन कण दूर असूनही एकमेकांशी जोडलेले असणं) गुंतागुंत म्हणतात आणि कॉम्प्लेक्सिटीलाही (एखादा प्रश्न सोडवणं संगणकाला किती अवघड, ते). एरवी हे दोन विषय एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, त्यामुळे खपून जातं. तुमच्या टिपणात मात्र मुख्य निष्कर्षच ‘गुंतागुंतीमुळे गुंतागुंत वाढते’ असा होऊन बसेल.

असा एक नॉनलोकल खेळच बघा ना. दोन खेळाडू, एक पंच. खेळाडूंनी आधी काय ते ठरवून घ्यायचं, नंतर आपसात बोलायचं नाही. पंच प्रत्येकाला ० किंवा १ देतो आणि प्रत्येकाने ० किंवा १ असं उत्तर द्यायचं. दोघांना १ मिळाला तर उत्तरं वेगळी हवीत, एरवी सारखी. दोघांनी डोळे मिटून ‘०’ म्हणायचं ठरवलं तरी चारांपैकी तीन वेळा जिंकतात, आणि साध्या मार्गांनी ७५ टक्क्यांपलीकडे जाताच येत नाही. दोघांकडे एंटँगल केलेले कण असतील तर मात्र हा आकडा सुमारे ८५.४ टक्क्यांवर जातो. क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट या भौतिकशास्त्रज्ञांच्या १९६९ च्या कामातून आलेला हा खेळ आहे.

म्हणजे एंटँगलमेंट हे खेळाडूंचं भांडवल. गुंता हा सोडवायचा असतो. भांडवलाला कोणी गुंता म्हणत नाही. म्हणून मी ‘गुंफण’ म्हणेन. ती मुद्दाम केलेली असते, आणि प्रयोगशाळेतही ती मुद्दामच करावी लागते.

कॉम्प्लेक्सिटीला ‘जटिलता’ म्हणा. (‘क्लिष्टता’ नको, ती सरकारी परिपत्रकांसाठी राखून ठेवू.) इथे जटिलता खेळाची नसून एका प्रश्नाची आहे: खेळाचे नियम दिले, तर खेळाडू जास्तीत जास्त किती वेळा जिंकू शकतील? गुंफण नसेल तर डावपेच मोजके असतात. अवाढव्य वेळ लागेल, पण सगळे तपासता येतात. गुंफण किती वापरावी याला मर्यादाच ठेवली नाही, की पेच येतो. झंगफेंग जी, नटराजन, विडिक, राइट आणि युएन या संशोधकांनी जानेवारी २०२० मध्ये दाखवलं, की खेळाडू हमखास जिंकू शकतात की फार तर निम्म्या वेळा, एवढंसुद्धा प्रत्येक खेळाबाबत अचूक सांगणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्ये दाखवलेल्या न सुटणाऱ्या प्रश्नांच्याच पंगतीत हा बसतो. तेव्हा या ठिकाणी ‘अतिशय जटिल’ लिहू नका, ‘अनिर्णेय’ लिहा. अतिशय जटिल प्रश्न निदान कधीतरी सुटतो.

आता ‘अस्थानिक’. मुंबईत हा शब्द ऐकला की आधी परप्रांतीयांचा वाद आठवणार. शिवाय त्याला ‘अस्थानी’चा, म्हणजे गैरलागूचा, वास येतो. लोकॅलिटीला ‘स्थानबद्धता’ असाही पर्याय कुणी सुचवेल, पण त्यात पोलीस येतात! ‘स्थलकालातीत’ आपल्या ओळखीचा आहे. त्यातला ‘स्थलातीत’ उचलावा. त्याला थोडी अध्यात्माची झाक आहे, म्हणून पहिल्यांदा वापराल तिथेच लिहून टाका, की या गुंफणीतून एका खेळाडूचा निरोप दुसऱ्याला पोचत नाही. दोघांची उत्तरं जुळतात, पण कुणी कुणाला काही कळवत नाही.

तेव्हा शीर्षक ‘स्थलातीत क्वांटम खेळांची संगणकीय जटिलता’. ‘खेळ’ आहे तसा राहू द्या. प्रश्नोत्तरांच्या एका फेरीला मात्र ‘डाव’ म्हणा, म्हणजे ‘एका खेळाचे हजार डाव’ असं सरळ लिहिता येईल.