वाचकांचे प्रश्न : बेटावर सगळेच ओळखीचे, मग खुनी सापडायला वर्षे का लागतात?

प्रश्न : नॉरफोक बेटावर 2002 मध्ये झालेल्या खुनाविषयी नुकतेच वाचनात आले. दोन हजारांच्या आसपास वस्ती, चहूबाजूंनी प्रशांत महासागर आणि प्रत्येकाला प्रत्येकाची बित्तंबातमी, असे असताना आरोपीला अटक व्हायला जवळजवळ चार वर्षे कशी लागली?

उत्तर : जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे गुन्हेगार लपून राहणार नाही, असे आपण सहज धरून चालतो. नॉरफोकच्या तपासाने हे गृहीतक पार मोडीत काढले. ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतील, पण तिच्या किनाऱ्यापासून सुमारे 1400 किलोमीटरवर असलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ अवघे 35 चौरस किलोमीटर आहे. 1856 मध्ये प्रशांत महासागरातीलच पिटकेर्न या चिमुकल्या बेटावरून येथे आणून वसवलेल्या 194 जणांचे वंशज आजही बेटाच्या समाजजीवनाच्या केंद्रस्थानी असल्याने आडनावे मोजकीच आहेत, आणि एकाच नावाची माणसे वेगळी ओळखता यावीत म्हणून तेथील टेलिफोन डिरेक्टरीत लोकांची टोपणनावे छापली जातात. अशा ठिकाणी 31 मार्च 2002 रोजी, ईस्टरच्या रविवारी, सिडनीहून नोकरीसाठी आलेली एक तरुणी दिवसाढवळ्या फिरायला बाहेर पडली आणि त्याच संध्याकाळी काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तिचा मृतदेह मिळाला. खुनाचा तपास कसा असतो, हे बेटावरील कोणाच्याही स्मरणात नव्हते.

तपास ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय पोलिसांकडे होता आणि बेट असल्याचा एक मोठा फायदा त्यांना खरोखरच मिळाला. नॉरफोकला त्या काळी स्वतःची प्रवेशव्यवस्था होती, खुद्द ऑस्ट्रेलियातून येणाऱ्यांचीही नोंद तेथे होत असे, त्यामुळे त्या रविवारी बेटावर नेमके कोण कोण होते याची यादी पोलिसांना तयार करता आली. मोठ्या शहरातील कोणत्याही तपास अधिकाऱ्याला अशी यादी स्वप्नातच मिळायची. पुढे रहिवाशांना बोटांचे ठसे देण्याचे आवाहन करण्यात आले. ठसे देणे ऐच्छिक होते, तरीही शेकडो लोकांनी ते दिले. पण त्यातून तेव्हा गुन्हेगार हाती लागला नाही.

बाकी उरले ते लोकांचे बोलणे, आणि ते भरपूर होते. ती कोणाबरोबर फिरत असे, तिचे कोणाशी बिनसले होते, कोण तिच्यावर खार खाऊन होते, हे सारे बेटाला पाठ होते आणि पोलिसांपर्यंत तेच पोहोचत राहिले. 2004 मध्ये कॉरोनरसमोर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्यासमोर, मृत्यूची जाहीर चौकशी झाली, तेव्हा पोलिसांनी ज्यांच्याविषयी आपल्याला विचारणा करावीशी वाटते अशा सोळा जणांची नावे उघडपणे वाचून दाखवली. त्यांच्यापैकी कोणावरही आरोप ठेवण्यात आला नाही आणि खून अज्ञात व्यक्तीने केला, असाच निष्कर्ष निघाला. पण नावे तर बाहेर पडली होती. शहरात अशा माणसाला निदान दुसऱ्या वस्तीत घर घेता येते. येथे मात्र त्याच दुकानात, त्याच चर्चमध्ये, त्याच रस्त्यावर रोज त्याच माणसांच्या नजरा चुकवायच्या. माझ्या मते या संपूर्ण तपासातील सर्वांत कठोर भाग हाच होता आणि तो टाळता आला असता.

फेब्रुवारी 2006 मध्ये न्यूझीलंडमध्ये ज्याला अटक झाली, तो खुनाच्या काळात बेटावर स्वयंपाकी म्हणून काम करणारा आणि नंतर मायदेशी परतलेला माणूस होता. त्या सोळा जणांत त्याचे नाव नव्हते. प्लास्टिकवरील बोटांचे ठसे त्याचे निघाले. आपल्या गाडीची धडक तिला बसली, असे त्याने पोलिसांना सांगितले आणि खटल्यात तो जबाब नाकारला; तरीही मार्च 2007 मध्ये तो दोषी ठरला. काही हंगामांसाठी येऊन जाणाऱ्या कामगाराचे पूर्वायुष्य कोणाला ठाऊक नसते, म्हणून त्याच्याविषयी सांगण्यासारखी गोष्टही कोणाजवळ नसते. गावाचा संशय त्याच्यावरच जातो ज्याच्याविषयी आधीपासून काहीतरी बोलले जात असते. तपासाला माणसांची माहिती आणि गुन्ह्याचा पुरावा हे दोन्ही लागतात. बेटावर पहिली गोष्ट मुबलक मिळते, म्हणून दुसरीही हाती आहे असा भास होतो.

प्रश्न : म्हणजे दोषी बाहेरचाच निघाला. मग छोट्या समाजात लोक आपल्या माणसाला पाठीशी घालतात, हे म्हणणे निराधार समजायचे का?

उत्तर : नाही. त्यासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील प्रकरण पाहावे लागेल. 2 जून 1994 रोजी कर्कवॉल या गावातील एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये तोंड झाकलेला एक जण शिरला, जेवायला बसलेल्या कुटुंबांसमोर त्याने बांगलादेशातून आलेल्या वेटरवर गोळी झाडली आणि तो निघून गेला. येथे सगळे नॉरफोकच्या उलट घडले. हे काम बाहेरून आलेल्या भाडोत्री मारेकऱ्याचे असावे, अशी चर्चा होती, कारण आपल्यापैकी कोणी असे करू शकेल हे मान्य करणेच लोकांना जड जात होते.

पुढे एका स्थानिक पोलीस कर्मचाऱ्याने गोळ्यांविषयीची महत्त्वाची माहिती दडवल्याचे निष्पन्न झाले आणि 1997 मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. खुनाच्या वेळी 15 वर्षांचा असलेला त्याचाच मुलगा 2008 मध्ये खुनाबद्दल दोषी ठरला. दरम्यान चौदा वर्षे उलटली होती. तपासाला पुन्हा गती मिळाली ती 2006 मध्ये एका साक्षीदाराने पोलिसांना दिलेल्या पत्रामुळे. या माणसाने त्या मुलाला सार्वजनिक शौचालयात पिस्तुलासह पाहिल्याचे सांगितले आणि भीतीपोटी आपण इतकी वर्षे गप्प होतो, असे त्याचे म्हणणे होते. (शिक्षेनंतरही दोषी ठरलेल्या मुलाच्या निर्दोषत्वासाठी मोहीम चालवणारे लोक ऑर्कनीत आहेत, हेही नमूद करायला हवे.)

येथे ‘पाठीशी घालणे’ हा शब्दप्रयोग मला अपुरा वाटतो. बापाने मुलाला वाचवले हे समजू शकते, परंतु इतर गप्प राहतात ते बहुधा माया म्हणून नव्हे. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्याच्या आईवडिलांशी, चुलत्यांशी, मित्रांशी पुढची तीस-चाळीस वर्षे रोज गाठ पडणार असते. आपले म्हणणे कोर्टात टिकले नाही तर तोंड लपवायला जागा नसते. म्हणून माणूस आधी इतर कोणीतरी बोलेल याची वाट पाहतो, आणि वाट पाहण्यात काही वर्षे गेली की ‘इतके दिवस का बोलला नाहीस?’ या प्रश्नाचीच भीती त्याला अधिक वाटू लागते.

प्रश्न : अशा ठिकाणी निःपक्ष ज्यूरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ, कुठून आणायची?

उत्तर : नॉरफोकच्या सर्वोच्च न्यायालयात ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय न्यायालयातील न्यायाधीश येऊन बसत, ज्यूरी मात्र बेटावरील रहिवाशांमधूनच निवडली गेली. पाच वर्षे या खुनाविषयी काहीही न ऐकलेला प्रौढ त्या बेटावर सापडणे शक्यच नव्हते. तेव्हा कोरी पाटी कोणाची, हे न पाहता ऐकलेले बाजूला ठेवायला कोण तयार आहे, एवढेच पाहायचे उरते. जुलै 2007 मध्ये 24 वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली, त्यातील किमान 18 वर्षे सुटकेची सोय नव्हती, आणि बेटावर तसा तुरुंग नसल्याने कैद्याला न्यू साउथ वेल्समध्ये ठेवण्यात आले.

वस्ती याहूनही लहान असेल तर ज्यूरीचा विचारच सोडावा लागतो. पिटकेर्नवर 2004 मध्ये लैंगिक अत्याचारांचे खटले चालले, तेव्हा तेथील लोकसंख्या पन्नाशीच्याही आत होती. आरोपी, तक्रारदार आणि उरलेले रहिवासी एकाच गोतावळ्यातले. त्यामुळे न्यूझीलंडहून न्यायाधीश गेले, निवाडा त्यांनीच ज्यूरीविना केला आणि बेट सोडून गेलेल्या महिलांच्या साक्षी ऑकलंडहून व्हिडिओद्वारे घेतल्या गेल्या. यावर आक्षेप घेणारे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या सागरापारच्या प्रदेशांसाठीच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, गेले आणि 2006 मध्ये फेटाळले गेले.