सिंधुदुर्गात चार दिवस : घाटावरून उतरा आणि दोनच ठिकाणी मुक्काम करा

तुमची यादी वाचली. पुण्याहून गाडीने निघणार, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सोबत सत्तरीचे आईबाबा आणि दोन मुलं, आणि चार दिवसांत आंबोली, सावंतवाडी, मालवण, विजयदुर्ग आणि वर गोवा. खरं सांगू का, होईल सगळं, पण गाडीच्या काचेतूनच होईल. आमचे रस्ते नकाशावर दिसतात तसे नसतात, ऐंशी किलोमीटर म्हणजे दोन-अडीच तास धरून चाला, मध्ये कोणाला मळमळलं तर तीन.

त्यामुळे गोवा यादीतून काढा. एवढीच हौस असेल तर मोपा विमानतळ बांद्यापासून जवळच आहे, पुढच्या वेळी तिथे उतरा आणि गोवा वेगळा करा.

आता जे करायचं ते. येताना आजऱ्यावरून आंबोलीला या आणि पहिली रात्र वरच राहा. पण आधीच सांगून ठेवतो, रील्समध्ये बघितलेली आंबोली ती जुलैची असते. सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, त्याचे ते धबधबे, कावळेसादला वाऱ्याने उलटं उडणारं पाणी आणि रात्री टॉर्च घेऊन बघायचे बेडूक. डिसेंबरात यातलं काही नसतं, मेन धबधब्याला बारीक धार असते आणि लोक तिथे उभे राहून कणीस खातात. तरी राहा म्हणतो कारण थंडी मस्त असते आणि सकाळी महादेवगड पॉइंटवरून हवा स्वच्छ असेल तर खालचं सगळं कोकण पसरलेलं दिसतं. मुलांना आधी हे दाखवा, मग खाली न्या, म्हणजे आपण कुठून कुठे उतरलो ते कळतं. हिरण्यकेशीचं देऊळ चुकवू नका, नदी तिथल्या गुहेतून निघते आणि समुद्र एवढा जवळ असून पाठ फिरवून पूर्वेला जाते, घटप्रभेतून कृष्णेला मिळते आणि पार बंगालच्या उपसागरात पोचते. देवळासमोरच्या कुंडात २०२० साली माशाची नवी जात सापडली, नावही हिरण्यकेशीच ठेवलंय, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. पाण्यात पाय घालू नका प्लीज आणि मुलांनाही घालू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून सावंतवाडी. मोती तलाव, राजवाडा, चितारआळीतली लाकडी खेळणी. राजवाड्यात गंजिफा रंगवताना बघायला मिळतं, दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा. सेट महाग असतो. एवढ्यावर सावंतवाडी आटपा आणि कुडाळच्या अलीकडे पिंगुळीला थांबा, बहुतेक लोक थांबत नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या तिथे जपल्यात, परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. त्यांचं म्युझियम आहे, आधी फोन करून जा म्हणजे खेळ दाखवतात. मग धामापूरच्या तलावावर संध्याकाळ, १५३० सालचा तलाव आहे आणि काठावर भगवतीचं देऊळ, आईबाबांना इथून उठवावं लागेल.

पुढच्या दोन रात्री मालवणजवळ तारकर्ली किंवा देवबाग. सिंधुदुर्ग किल्ला सकाळी पहिल्या होड्यांनी करा, दुपारी वारा सुटला की होडी हलते आणि आत सावली कमी. २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झाली, महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तो होडीतून शोधायला सांगा मुलांना. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे, आणि चहूकडे खारं पाणी असून गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, साखरबाव, दहीबाव. आता जागतिक वारशात आलाय २०२५ पासून. स्कूबा करायचं तर तेही सकाळीच.

पण माझ्या मते खरी मजा रापणीची. उजाडता किनाऱ्यावर चालत जा, रोज असेलच असं नाही, पण लागली तर होडीने जाळं समुद्रात अर्धगोल सोडलेलं असतं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं वाळूत टाचा रुतवून मागे मागे सरकत असतात. दोन रांगा हळूहळू जवळ येतात, आरडाओरडा वाढतो, वर घारी जमतात आणि शेवटी जाळ्याची खोळ बाहेर आली की आत नुसती चळवळ, तारली, बांगडे, मध्येच एखादा फुगलेला केंड. विचारून तुम्हीही दोर धरा, कोणी नाही म्हणत नाही. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटींनी जाळं टाकणाऱ्यांनी, रापणकरांचं बरंच कंबरडं मोडलंय, तो विषय काढलात तर तासभर सुटका नाही.

विजयदुर्ग जाताना करा, देवगडवरून जाऊन पुढे फोंडा घाटाने वर. तिहेरी तटबंदी आहे. १७५६ ला तो आंग्र्यांच्या हातून गेला तेव्हा घेणाऱ्या इंग्रजांबरोबर पेशवेही होते, हे मुलांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

रात्रीचं एक राहिलं. डिसेंबर म्हणजे जत्रांचे दिवस. कुठल्याही रिक्षावाल्याला 'आज खंय जत्रा आसा?' एवढं विचारा. जत्रेत दशावताराचं नाटक मध्यरात्रीच्या सुमारास उभं राहतं, लिहिलेली संहिता नसते, पेटी-मृदंगावर नट जागच्या जागी संवाद रचतात. स्वेटर आणि बसायला चटई न्या.

जेवणाचं सकाळीच होमस्टेवाल्यांना सांगून ठेवत जा, कोंबडी-वडे ऐनवेळी होत नाहीत. आणि तारखा बघा, मार्गशीर्षातला गुरुवार मध्ये येत असेल तर बऱ्याच घरांत त्या दिवशी मासे शिजत नाहीत. त्या दिवशी कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी मागा.